लायसन हातात आलं, आता पहिली एकटीची ट्रिप



सकाळी सहाच्या सुमारास बजाजनगरातून नगर रोडला आलं की दोन गोष्टी दिसतात. पहिल्या शिफ्टच्या बसेस आणि कंपन्यांच्या गेटबाहेर रांगेत लागलेले ट्रक. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. त्याच्या आजूबाजूला सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्या आल्या आणि मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आपली माणसं इथं येऊन राहिली. आज आपल्या गटांतल्या कितीतरी जणी याच कंपन्यांत पॅकिंग करतात, पार्ट तपासतात, कॅन्टीन सांभाळतात. त्यांनी भरलेली पेटी ट्रकमध्ये चढते. ट्रकच्या स्टिअरिंगवर मात्र बाई क्वचितच दिसते.

तरी चारचाकी शिकलेल्या, छोटा हत्ती चालवणाऱ्या काही जणी आता मोठ्या गाडीचा विचार करू लागल्यात. लायसन कसं काढायचं हे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण शिकून झाल्यावर पुढं काय? पहिल्यांदा एकटीनं भरलेली गाडी घेऊन निघायचं म्हणजे नेमकं काय करायचं? याची माहिती कुठं एका जागी मिळत नाही. म्हणून हा लेख.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात ठेवा. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. तुम्ही चुकलात की तो दाबतो. एकटीच्या ट्रिपला तो ब्रेक नसतो. तेव्हा गाडी चालवण्याइतकंच गाडी कधी चालवायची नाही हे ठरवणंही तुमच्यावर येतं. नवा ड्रायव्हर बहुतेक वेळा तिथंच अडकतो.

कोणती गाडी, कोणतं लायसन

आधी कागदाचं बघू. मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे, त्यात वेळोवेळी बदल झाले. आपल्या कामाचं एवढं:

• साध्या चारचाकीचं म्हणजे हलक्या वाहनाचं लायसन १८ वर्षं पूर्ण झाल्यावर मिळतं.

• मालवाहतुकीच्या मोठ्या गाडीसाठी वय २० पूर्ण लागतं आणि हलक्या वाहनाचं लायसन निदान १ वर्ष जुनं असावं लागतं. त्यानंतरच मोठ्या गाडीचं शिकाऊ लायसन निघतं.

• गाडी आणि माल मिळून वजन ७,५०० किलोपर्यंत असेल तर हलक्या वाहनाच्या लायसनवर मालाची गाडी चालवता येते. ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं हे स्पष्ट केलंय. छोटा हत्ती आणि पिकअप यात बसतात. टेम्पो बसतो की नाही, हे तोंडी ऐकू नका. आरसी बुकावर एकूण वजन लिहिलेलं असतं, ते वाचा.

• ७,५०० ते १२,००० किलोपर्यंतची गाडी मध्यम आणि त्यावरची जड. दहाचाकी, बाराचाकी गाड्या जड वाहनात येतात.

• पूर्वी मालवाहतुकीच्या लायसनसाठी आठवी पासची अट होती. २०१९ मध्ये ती काढून टाकली. शाळा अर्धवट सुटलेल्या बायांसाठी ही मोठी गोष्ट आहे. पण रस्त्यावरच्या पाट्या, बिल्टी आणि काट्याची पावती वाचता आलीच पाहिजे. वाचन कच्चं असेल तर गटातल्या शिकलेल्या मुलीकडून दोन महिने ते पक्कं करून घ्या.

• डॉक्टरांचा दाखला आणि ड्रायव्हिंग स्कूलचा दाखला लागतो. हे लायसन ५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं.

सरकारमान्य मोठ्या प्रशिक्षण केंद्रांत जड वाहनाचा अभ्यासक्रम ३८ तासांचा असतो, सहा आठवड्यांत पुरा करायचा. या केंद्रातून पास झालं की आरटीओची गाडी चालवण्याची परीक्षा पुन्हा द्यावी लागत नाही. आता हिशेब करा. ३८ तास म्हणजे कंपनीतल्या आठ तासांच्या पाच शिफ्टसुद्धा भरत नाहीत. एवढ्यात गाडी ओळखीची होते. पण पावसातला रस्ता, भरलेली गाडी, रात्रीचा समोरचा उजेड, गेटवरचा वाद हे काही त्यात येत नाही.

मधली पायरी गाळू नका

पुरुष ड्रायव्हर बहुधा क्लीनर म्हणून सुरुवात करतात. दोन-तीन वर्षं उस्तादासोबत फिरतात, गाडी पुसतात, ताडपत्री बांधतात आणि मोकळ्या रस्त्यावर थोडं थोडं स्टिअरिंग हातात घेतात. केबिनमध्येच झोपतात. बाईला हा रस्ता सहज मिळत नाही. लायसन तर त्यांच्याइतकंच मिळतं, पण ती दोन-तीन वर्षं मिळत नाहीत. मग ती आपल्याला दुसऱ्या तऱ्हेनं भरून काढावी लागतात.

एसटीचं उदाहरण घ्या. २०१९ च्या भरतीत एसटीनं चालक म्हणून महिलांची निवड केली. लायसन असूनही त्यांना लगेच बस दिली नाही, आधी प्रशिक्षण दिलं. मध्ये करोना आला, काम लांबलं. शेवटी जून २०२३ मध्ये अर्चना अत्राम यांनी सासवड ते नीरा मार्गावर प्रवासी घेऊन एसटी चालवली, आणि राज्यात बातमी झाली. एवढी मोठी संस्था नव्या ड्रायव्हरला वेळ देते. मग आपणही स्वतःला चार-सहा महिने द्यायला हरकत नाही.

हे महिने कसे काढायचे?

एक, आधी लहान गाडीवर एमआयडीसीतल्या एमआयडीसीत फेऱ्या करा. वाळूजच्या एका सेक्टरमधून दुसऱ्यात, फार तर शेंद्र्यापर्यंत. अंतर कमी असतं, रोज रात्री घरी येता येतं. आणि रोज चार-पाच गेटवर गाडी मागं घ्यावी लागते. गाडी मागं घेण्यातच नवा ड्रायव्हर सगळ्यात जास्त चुकतो, म्हणून हा सराव फार मोलाचा.

दोन, मोठ्या गाडीवर ओळखीच्या ड्रायव्हरसोबत दिवसाच्या ट्रिपा करा. नवरा, भाऊ, दीर, शेजारचे काका, ज्याच्यावर विश्वास आहे तो. अशी माणसं बजाजनगरात गल्लोगल्ली आहेत.

तीन, स्वतःची परीक्षा घ्या. शेजारी बसलेल्याला सांगा, आज तोंड उघडायचं नाही. ज्या दिवशी भरल्या गाडीची पूर्ण ट्रिप तो एक शब्द न बोलता बसून राहील, त्या दिवशी तुम्ही तयार झालात. तोवर या पाच गोष्टी कुणाच्या मदतीशिवाय आल्या पाहिजेत: आरशात बघून गाडी गोदामाच्या फलाटाला लावणं, भरलेली गाडी चढावर मागं न सरकवता उचलणं, टायर आणि हवा तपासणं, ताडपत्री आणि रस्सी बांधणं, बिल्टी वाचून चूक काढणं.

पहिली ट्रिप, आदल्या रात्रीपासून

समजा तुमची पहिली एकटीची ट्रिप वाळूज ते चाकण आहे. साधारण सव्वादोनशे किलोमीटर. पहिली ट्रिप अशीच असावी, दिवसाची आणि आधी दोन-तीनदा पाहिलेल्या रस्त्याची.

*आदली रात्र.* झोप हीच तयारी. घरी पाहुणे, मुलाची परीक्षा, सासूबाईंचं दुखणं यात रात्री बारापर्यंत जागून पहाटे चारला गाडी काढायची नाही. गाडीवर जाणाऱ्या पुरुषासाठी घरात कुणी आवाज करत नाही, "त्याला झोपू द्या, गाडीवर जायचंय" म्हणतात. तेच वाक्य तुमच्यासाठी घरात म्हटलं गेलं पाहिजे. हे आधीच बोलून ठेवा.

*सकाळी गाडीभोवती एक चक्कर.* दहा मिनिटं लागतात. प्रत्येक टायर ठोकून बघा, आवाजावरून हवा कळते. मागच्या जोड टायरांमध्ये दगड अडकलाय का बघा. गाडीखाली तेल किंवा पाणी गळलंय का, सगळे दिवे, इंडिकेटर, मागचे परावर्तक, आरसे, वायपर. इंजिन ऑइल, पाणी, डिझेल. नव्या गाड्यांना डिझेलसोबत वेगळ्या टाकीत ते पातळ द्रव लागतं, ड्रायव्हर त्याला युरिया म्हणतात, तेही बघा. मग इंजिन चालू करून हवेचा काटा वर येईपर्यंत थांबा. मोठ्या गाडीचे ब्रेक हवेवर चालतात. हवा भरली नाही आणि बझर वाजतोय तोवर गाडी हलवायची नाही, कितीही घाई असो.

*कागद.* आरसी, विमा, फिटनेस, परमिट, टॅक्स, पीयूसी आणि तुमचं लायसन. मोबाईलमध्ये डिजिलॉकर किंवा एम-परिवहनवरचे कागद चालतात. पण बॅटरी संपते, म्हणून एक फाईल गाडीत ठेवा. विमा आणि फिटनेसची तारीख स्वतः वाचा. "सगळं क्लिअर आहे" हे मालकाचं तोंडी उत्तर पुरत नाही. गाडी तुमच्या हातात असताना अपघात झाला आणि विमा संपलेला निघाला तर त्रास तुम्हालाही होतो.

*माल भरताना.* खाली उतरून बघा. जड पेट्या खाली आणि मधोमध, हलक्या वर. सगळं वजन एका बाजूला गेलं तर वळणावर गाडी कलते. काट्यावर वजन करा आणि पावती घ्या. बिल्टीवरची नगसंख्या आणि गाडीतली नगसंख्या जुळली तरच सही करा. राज्यातल्या राज्यात १ लाखाच्या वरचा माल असेल तर ई-वे बिल लागतं. त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी असते. सव्वादोनशेला दोन दिवस मिळतात. वाटेत गाडी बंद पडली तर मुदत संपण्याच्या आधी किंवा नंतर ८ तासांच्या आत ती वाढवून घेता येते. लगेच पार्टीला फोन करा.

आणि पत्ता पूर्ण वाचा! आपल्याकडे रांजणगाव म्हटलं की शेणपुंजीचं रांजणगाव. शिरूरजवळ दुसरं रांजणगाव आहे, गणपतीचं, तिथंही मोठी एमआयडीसी आहे. पंढरपूर म्हटलं की आपल्याला वाळूजचं छोटं पंढरपूर आठवतं, पुण्याच्या माणसाला सोलापूरचं. गावाच्या नावावर निघू नका. प्लॉट नंबर, सेक्टर आणि गेटवरच्या माणसाचा फोन घेतल्याशिवाय गाडी हलवू नका.

*रस्ता.* वाळूज सोडलं की लिंबेजळगाव, पुढं कायगावला गोदावरीचा पूल, मग प्रवरासंगम, नेवासा फाटा, वडाळा, घोडेगाव. ऊस तोडणीच्या दिवसांत या पट्ट्यात उसानं भरलेल्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या रस्त्यावर असतात. पुष्कळांना मागं दिवा नसतो. अंधारात त्या अगदी जवळ गेल्यावरच दिसतात. म्हणून पहिल्या ट्रिपा उजेडात करा. आषाढीच्या दिवशी आपल्या छोट्या पंढरपूरला शहरातून पायी माणसं येतात, त्या दिवशी या बाजूनं गाडी काढायचीच झाली तर वाहतूक कुठून वळवलीय हे आधी विचारा.

समोरच्या गाडीपासून अंतर किती ठेवायचं? ताशी ६० च्या वेगानं गाडी एका सेकंदात १६ ते १७ मीटर जाते. काहीतरी आडवं आलं हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच तो एक सेकंद जातो. त्यानंतर भरलेली गाडी थांबायला आणखी जागा घेते. म्हणून पुढची गाडी एखाद्या खांबापाशी गेली की मनात "एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन, एक हजार चार" म्हणा. त्याआधी तुम्ही खांबापाशी पोचलात तर जवळ आहात. पावसात हेच अंतर दुप्पट.

*घाट.* पांढरीपुलाच्या पुढं इमामपूरचा घाट लागतो. मोठा नाही, पण शिकायला चांगला. नियम एकच आणि सगळे जुने ड्रायव्हर सांगतात: ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. उतारावर गाडी इंजिनानं धरायची, ब्रेक फक्त मदतीला. सारखा ब्रेक दाबून ठेवला तर तो तापतो आणि ऐन वेळी धरत नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून उतरणारे तुम्हाला भेटतील. इंजिन बंद झालं की हवा बनणं थांबतं आणि स्टिअरिंग जड होतं. त्या वाचलेल्या डिझेलमागं जीव जातो. कन्नडचा औट्रम घाट तर एवढा अवघड की ऑगस्ट २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानं तिथं जड वाहनांना बंदी झाली. धुळ्याकडची ट्रिप घेताना आधी रस्ता विचारा, मग भाडं ठरवा. लांबच्या रस्त्याचं डिझेल भाड्यात धरावं लागतं.

*थांबा.* कायद्यानं वाहतूक कामगाराचं काम दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास असं धरलंय, आणि सलग ५ तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती. तुम्ही मात्र दोन-अडीच तासांनी उतरा. गाडीभोवती चक्कर मारा, टायरला हात लावून बघा. एखादा टायर बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागला तर तिथंच दाखवा. अहिल्यानगरला शहरात न शिरता बाह्यवळणानं निघा. पुढं सुपा, शिरूर, शिक्रापूर आणि तिथून चाकण.

समृद्धी महामार्गाचंही सांगते. आपल्याला माळीवाड्याहून चढता येतं. रस्ता सरळ आणि गुळगुळीत, म्हणून नव्या ड्रायव्हरला सोपा वाटतो. पण सरळ रस्त्यावर डोळा लागतो. जड वाहनाला तिथं ताशी ८० ची मर्यादा आहे. चढण्याआधी टायर आणि झोप, दोन्ही तपासा.

*पोचल्यावर.* माल उतरवणं हे ड्रायव्हरचं काम नाही. हमाली, वाराई कोणी द्यायची हे निघण्याआधीच ठरवून घ्या. माल मिळाल्याची सही आणि शिक्का घेतल्याशिवाय गेट सोडू नका. तो कागद हरवला तर भाडं अडकतं.

तीन वेळा "नाही" म्हणायला शिका

आता जड भाग. पहिल्या वर्षात तुम्हाला तीन गोष्टींना नाही म्हणावं लागेल.

पहिली, जास्त वजन. "दोनच टन जास्त आहे, सगळेच नेतात." कायद्यानं जास्त वजनाचा दंड २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये. शिवाय जास्तीचा माल तिथंच उतरवावा लागतो, त्याचा खर्च वेगळा. दोन टन जास्त म्हणजे २४,००० रुपये. ट्रिपचं भाडं तरी तेवढं असतं का?

दुसरी, न झोपता निघणं. "आत्ता पोचलीस ना, लगेच रिटर्न भाडं आहे, घेऊन ये." पहाटे दोन ते पाच हा झोपेचा सगळ्यात वाईट वेळ. चहानं आणि तंबाखूनं झोप जात नाही, थोडी लांबते एवढंच. डोळे चुरचुरायला लागले, मागचे दोन किलोमीटर आठवत नाहीत असं झालं, की गाडी पंपावर लावायची आणि झोपायचं.

तिसरी, नादुरुस्त गाडी. ब्रेक ओढतोय, टायर गुळगुळीत झालाय, मागचा दिवा बंद आहे. "या ट्रिपनंतर करू." नाही, आधी करू.

आता प्रामाणिकपणे बघा. नाही म्हणणं कठीण का जातं? ड्रायव्हरला धोका कळत नाही असं नाही. हप्ता दहा तारखेला असतो, मालक म्हणतो "बाईला गाडी दिली तीच चूक झाली", आणि आपल्यालाही दाखवून द्यायचं असतं की आपण कमी नाही. त्या भरात आपण हो म्हणतो. म्हणून लक्षात ठेवा, जास्त वजन घेऊन किंवा रात्रभर जागून तुम्ही काही सिद्ध करत नाही. गाडी, माल आणि तुम्ही, तिघंही धडधाकट परत आलात, हेच सिद्ध करायचंय.

बाई म्हणून जे वेगळं आहे

स्वच्छतागृह ही रोजची अडचण. महामार्गावरच्या मोठ्या पंपांवर ते असतं. तुमच्या मार्गावरचे चांगले तीन-चार पंप हेरून ठेवा आणि तिथंच थांबायची सवय लावा. लघवीला जावं लागेल म्हणून पाणी न पिणं हे दुखण्याला आमंत्रण आहे. पाळीच्या दिवसांत लांबची ट्रिप घ्यायची की नाही हे तुम्ही ठरवा, कारण कुणाला सांगायची गरज नाही.

रात्रीचा मुक्काम सुरुवातीला टाळा. टाळता आला नाही तर दिवे असलेल्या पंपावर, बाकीच्या गाड्यांच्या जवळ, दरवाजे आतून लावून. दर थांब्यावर एका ठरलेल्या माणसाला ठिकाण पाठवा. ११२ पोलिसांसाठी, १०८ रुग्णवाहिकेसाठी, १८१ महिलांसाठी, १०३३ राष्ट्रीय महामार्गावरच्या मदतीसाठी. हे चारही नंबर केबिनमध्ये मोठ्या अक्षरांत चिकटवा.

अपघात झाला तर पळायचं नाही. जखमीला उपचार मिळवून देणं आणि पोलिसांना कळवणं हे कायद्यानं ड्रायव्हरचं काम आहे. जमाव अंगावर आला आणि जिवाला धोका वाटला तर तिथून निघून सरळ जवळच्या पोलीस ठाण्यात जा, आणि जाता जाताच ११२ ला फोन करा.

मूळच्या नंदुरबारच्या योगिता रघुवंशी यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. वकिलीची पदवी घेतलेली बाई. लग्न होऊन भोपाळला गेल्या. २००३ साली पती गेले, पदरात दोन मुलं, घरात वाहतुकीचा धंदा. ठेवलेल्या ड्रायव्हरनं अपघात केला आणि गाडी टाकून पळून गेला. त्या स्वतः गेल्या, गाडी दुरुस्त करून परत आणली. मग स्वतःच ट्रक शिकल्या आणि वर्षानुवर्षं देशभर गाडी चालवली. त्यांची गोष्ट सांगताना लोक हिंमतीचं कौतुक करतात, ते योग्यच आहे. पण आणखी एक बघा. गाडीची मालकी घरात होती. कुठलं भाडं घ्यायचं आणि कुठलं सोडायचं हे त्या स्वतः ठरवू शकत होत्या. दुसऱ्याच्या गाडीवर बसणाऱ्या आपल्या मैत्रिणीला ते सहज जमत नाही. तिथं गट लागतो.

गटानं काय करायचं

आपण कर्ज देतो आणि वसूल करतो. पण ड्रायव्हर झालेल्या मैत्रिणीसाठी थोडं वेगळं ठरवायला हवं. पुढच्या बैठकीत या पाच मुद्द्यांवर बोला.

१. प्रशिक्षणासाठी अंतर्गत कर्ज दिलं असेल तर हप्ता लायसन मिळाल्याच्या दिवसापासून सुरू करू नका. मधल्या पायरीच्या चार-सहा महिन्यांत कमाई कमी असते, तेव्हा फक्त व्याज घ्या. त्या काळात पूर्ण हप्ता मागितला की मैत्रीण मिळेल ती ट्रिप उचलते, आणि आपणच तिला न झोपता गाडीवर बसवल्यासारखं होतं.

२. स्वतःची गाडी घेण्याची घाई करू नका. आधी निदान एक वर्ष दुसऱ्याच्या गाडीवर काढा. मग छोटी गाडी, आणि तीही एखाद्या कंपनीचं किंवा दुकानाचं नियमित काम हातात असेल तरच. कर्जासाठी मुद्रा योजना आहे, ग्रामीण गटांसाठी २०१७ पासून आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना आहे. आपल्या तालुक्यात आज काय मिळतं ते संघाच्या कार्यालयात विचारा.

३. कामावर ठेवणाऱ्या मालकाशी बोलताना गटातल्या दोघी सोबत जा. पगार महिन्याचा की ट्रिपचा, भत्ता किती, माल उतरायला उशीर झाला तर हॉल्टिंग कोणाला, दंड कोण भरणार, टायर फुटला तर कोणाच्या अंगावर, ड्रायव्हरचा विमा आहे का. एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. एकटीनं विचारलं तर ती भांडखोर ठरते. तिघी गेल्या की रीतसर बोलणी होतात.

४. वर्षाला २० रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना तिच्या खात्यावर चालू आहे ना, हे तपासा. अपघाती मृत्यूला २ लाखांचं संरक्षण आहे. रक्कम मोठी नाही, पण खात्यात २० रुपये नसल्यामुळं ती बंद पडलेली असू नये.

५. ट्रिपच्या दिवशी एक मैत्रीण फोनवर ठेवा. तिनं ठरलेल्या वेळी एकदाच विचारायचं: कुठं आहेस, झोप झाली का, गाडी ठीक आहे का. आणि ट्रिपवाली म्हणाली "मी आज थांबते", तर तिला कुणी भित्री म्हणायचं नाही.

एक छोटी वही ठेवा. ट्रिपची तारीख, किलोमीटर, डिझेल, टोल, हमाली, भत्ता, हातात काय राहिलं. गटाची वही आपण लिहितोच, तशीच ही. सहा महिन्यांनी ती उघडली की कोणत्या मालकाकडं फायदा, कोणत्या मार्गावर तोटा हे स्पष्ट दिसतं. पुढं बँकेत कर्ज मागायला हीच वही कामी येते.

सुरुवातीला म्हटलं होतं, एकटीच्या ट्रिपला शेजारचा ब्रेक नसतो. गाडीत नसला तरी तो गावात, गल्लीत, गटाच्या बैठकीत असू शकतो. आपल्यातली एखादी पहिल्यांदा एकटी चाकणला निघेल त्या सकाळी नारळ फोडायला सगळ्याच येतील. त्यासोबत तिच्या त्या महिन्याच्या हप्त्याचं काय करायचं, हेही आदल्या बैठकीतच ठरवून ठेवा.